साडेबारा चौरस मीटर

मंडळी, पुण्याच्या विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल तुम्हाला आठवत असेल. कोंडी फुटेल म्हणून तो बांधला आणि 2020 च्या जुलैत, कोरोनाच्या काळात, पाडला. मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्याच जागेत बसवायचा होता. म्हातारपण यायच्या आतच तो पूल गेला. तो उभा होता तेवढी वर्षं गणेशखिंड रस्त्यावरची संध्याकाळची रांग संपली होती का, हे इथल्या औंध-बाणेरच्या मंडळींना मी सांगायला नको. रस्ता मोकळा दिसला की कालपर्यंत बसने जाणारा माणूस गाडी काढतो, आणि मोकळी झालेली जागा पुन्हा भरते. जगभरच्या शहरांनी पैसे घालवून हे शिकून घेतलं आहे.

म्हणून आज मला पुलांबद्दल बोलायचं नाही. मला जागेबद्दल आणि तिच्या भाड्याबद्दल बोलायचं आहे.

एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. एवढी खोली कोथरूडमध्ये भाड्याने घ्यायला जा, महिन्याला काय मागतात ते बघा. आणि तीच जागा घराबाहेरच्या रस्त्यावर आपण दिवसरात्र फुकट वापरतो. गाडी चालते दिवसाचा तास-दीड तास. उरलेला वेळ ती सगळ्यांच्या मालकीच्या जमिनीवर नुसती उभी असते. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याचाही त्या जमिनीत वाटा आहे, हे आपण विसरूनच गेलो आहोत.

2018 मध्ये पुणे महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घेण्याचं धोरण मंजूर केलं. तेही घाबरत घाबरत, आधी मोजक्या रस्त्यांवर करून पाहू म्हणून. ते कागदावरच राहिलं. दुसरीकडे 1 जून 2025 पासून पीएमपीचं, म्हणजे आपल्या शहर बससेवेचं, किमान तिकीट 5 रुपयांचं 10 रुपये झालं आणि महिन्याचा पास 900 वरून 1500 वर गेला. भांडी घासायला तीन घरी जाणारी बाई रस्त्यावर सगळ्यात कमी जागा घेते. तिचा प्रवास आपण महाग केला. सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला एक रुपयाही मागितला नाही. मला याचा फार त्रास होतो.

बसचं साधं गणित बघा. एका मार्गिकेतून मिनिटाला एक बस गेली आणि प्रत्येकीत साठ माणसं असली, तर तासाला 3600 माणसं पुढे जातात. तेवढ्याच रुंदीत मोटारी रेटून रेटून काढल्या तरी याच्या निम्मीही माणसं जाणं अवघड. देशातला बीआरटीचा, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेचा, पहिला प्रयोग इथेच झाला होता, 2006 मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर. घाईत झाला, थांबे नीट नव्हते, रस्ता ओलांडायची सोय नव्हती. चूक अंमलबजावणीत होती. नाव मात्र कल्पनेचं खराब झालं. तिकडे पिंपरी-चिंचवडमध्ये 2015 मध्ये सांगवी-किवळे मार्गिका सुरू झाली. इकडे नगर रस्त्यावरची मार्गिका आपण काढून टाकली.

विजेच्या गाड्यांचा विषय निघतोच. धुरासाठी त्या हव्यातच, आणि बस तर सगळ्या विजेवरच्या हव्यात. पण विजेची मोटारही साडेबारा चौरस मीटरच मागते. इथेनॉलचंही तसंच. देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो, म्हणून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं. पण उसाला किती पाणी लागतं, हे महाराष्ट्रात कुणी कुणाला सांगायचं? जे पेट्रोल जाळावंच लागलं नाही, त्याला ना आयात लागते ना ऊस.

पैसे मागितले तर लोक चिडतील, मतं जातील, असं मला नेहमी सांगतात. म्हणून स्वीडनमधल्या स्टॉकहोमची हकीकत सांगतो. शहराच्या मध्यभागात मोटारीने ये-जा करताना वेळेनुसार कमी-जास्त शुल्क घ्यायचं, असं तिथे ठरलं. लोकांचा कल विरोधातच होता. त्यांनी आधी काय केलं? 2005 मध्येच सुमारे दोनशे जादा बस रस्त्यावर आणल्या. मग जानेवारी 2006 पासून सात महिने शुल्क लावलं. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी कमी झाली. जुलैअखेर शुल्क ठरल्याप्रमाणे थांबलं, तशी वाहनं पुन्हा वाढली. लोकांनी दोन्ही स्थिती एकाच वर्षात डोळ्यांनी पाहिल्या. सप्टेंबरमध्ये मतदान झालं तेव्हा शहराचा कौल शुल्काच्या बाजूने पडला, आणि ऑगस्ट 2007 पासून ते कायमचं झालं.

यातला क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी बस, मग शुल्क, मग लोकांना विचारणं.

शहरभर शुल्क लावण्याइतकी तयारी आपली आज नाही, हे मी मान्य करतो. पण एक रस्ता घेता येईल. समजा, कर्वे रस्ता. आधी तिथल्या बस वाढवा आणि पासची दरवाढ मागे घ्या. महिन्याभराने रस्त्याकडेच्या पार्किंगला तासाचा दर लावा. त्यातला प्रत्येक रुपया त्याच रस्त्याच्या पदपथांवर आणि बसवर खर्च करा आणि जमाखर्च दर महिन्याला बसथांब्यावर लावा. सात महिने चालवा. मग सात महिने बंद करा. आणि त्यानंतर कर्वे रस्त्यावर राहणाऱ्यांना, दुकानदारांना आणि तिथून रोज बसने जाणाऱ्यांना, तिघांनाही विचारा.