फसलेल्या फोटोंची पिशवी

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? माईक जरा खरखरतोय, त्यामुळे मी मोठ्यानेच बोलते, ३० वर्षं शाळेत गणित शिकवलंय, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय आहे.

मला विषय दिलाय की पक्षीनिरीक्षण, फोटोग्राफी आणि मिक्स्ड मीडिया, म्हणजे कागद, कापड, रंग, फोटो असं काहीबाही एकत्र करून केलेली चित्रं, हे तीन छंद एकत्र कसे जोपासायचे. आता खरं सांगू का, ते एकत्र नांदत नाहीत. एका स्वयंपाकघरात तीन जावा असल्यासारखं आहे ते. पक्षी बघणारीला गप्प बसायचं असतं, फोटो काढणारीला अजून दोनच पावलं पुढे जायचं असतं, आणि चित्रवालीचं लक्ष पक्ष्याकडे नसतंच, ती काठावर पडलेलं फाटकं जाळं पिशवीत कोंबत असते. या तिघी माझ्यातच राहतात आणि भांडतात. पण या भांडणातूनच मला काहीतरी मिळालंय.

सुरुवात भिगवणपासून करते. तुमच्यातले बरेच जण जाऊन आले असतील, पुण्याहून सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं, गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते अजूनही डोकं वर काढतं. आणि त्याच पसरलेल्या उथळ पाण्यात हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा भरते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकदंब हंस, थापट्या बदक, चित्रबलाक करकोचे, लांब पायांचे शेकाटे तर विचारूच नका. कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमारी करणारे लोक होडीतून फिरवून आणतात आणि त्यांना पक्ष्यांची इतकी माहिती असते की आपलं पुस्तक आपण गुपचूप बॅगेत ठेवावं.

तर निवृत्तीनंतर मी हौसेने लांबचं जवळ दाखवणारी १५०-६०० ची लेन्स घेतली, दोन किलोचं धूड, आणि भिगवणला गेले. एका सकाळीत अकराशे फोटो. अकराशे! घरी आले, कॉम्प्युटरवर टाकले, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाच-सहा पाठवले, सगळ्यांनी अंगठे दाखवले (म्हणजे वर केलेले), झालं. ते फोटो नंतर मी उघडलेसुद्धा नाहीत.

मग दोनेक महिन्यांनी रोहितचं कोलाज करायला बसले. हातकागदावर, जुनी वर्तमानपत्रं, एका साडीचा गुलाबी काठ वगैरे घेऊन. मान कापली, अंग कापलं, पाय चिकटवले आणि चोचीपाशी येऊन अडकले. म्हणजे पाण्यात मान घातलेला रोहित करायचा होता मला, आणि कात्री हातात धरून बसले की चोचीचा बाक नेमका कुठल्या बाजूला? वर की खाली? अकराशे फोटो काढलेत ना बाई तू, बघ की त्यात. बघितलं. सगळे उडताना! लाल-काळे पंख पसरलेले, मागे निळं आकाश, एक से एक. खातानाचा एकही धड फोटो नाही, कारण खाताना तो काय, नुसता गुलाबी गोळा दिसतो, कोण काढतंय.

आणि सगळे उडतानाचेच का होते ते मला तेव्हा आठवलं आणि लाज वाटली. मीच नावाड्याला म्हणाले होते, "दादा, अजून जवळ घ्या ना, उडाले तर उडाले." तो म्हणाला होता, "ताई, सकाळधरनं चौथ्यांदा उठवलंय त्यास्नी. खाऊ द्या की जरा." तेव्हा मला राग आलेला, पैसे दिलेत मी, असा काहीतरी विचार मनात आलेला, सांगून टाकते. आता विचार करा, हजारो मैलांवरनं नसले तरी पार कच्छच्या रणाकडून वगैरे येणारे पक्षी, दिवसातले कित्येक तास चाळणी लावून खातात तेव्हा कुठे पोट भरतं, आणि आमच्यासारखे पंधरा होड्या घेऊन त्यांना ताटावरून उठवतात.

फेब्रुवारीत परत गेले. त्याच दादांची होडी. कॅमेरा घरी, फक्त ८x४२ ची दुर्बीण, वही आणि दोन पेन्सिली. ते म्हणाले, "आज क्यामेरा नाय व्हय?" म्हटलं, नाही, आज चोच बघायचीय. त्यांनी लांबवरच इंजिन बंद केलं, बांबूने होडी ढकलत एका जागी उभी केली, आणि दोन तास आम्ही बसलो. रोहित डोकं पूर्ण उलटं करतो हो. वरची चोच खाली आणि खालची वर. आत जीभ पंपासारखी मागे-पुढे चालते, पाणी आत घेते, बाहेर टाकते, चोचीच्या कडेला बारीक चाळणी असते तिच्यात शेवाळ आणि बारकेसारके जीव अडकतात. त्या खाण्यातल्या रंगामुळेच तो गुलाबी होतो, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतंच. पण दादा काय म्हणाले? "कढईच्या तळाची खरवड काढल्यावाणी करतंय बघा." बस! मानेची ती रेघ मला त्या वाक्यातनं सापडली. कढई खरवडताना आपला हात मनगटात जसा वळतो ना, तस्सा.

फोटो काढताना आपण बघितलेलं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. काय काय बघायचं राहिलं त्याची यादी हाताने काही बनवायला बसल्याशिवाय समोर येत नाही. शेकाट्याचं तसंच झालं. मी त्याचा गुडघा मागे वाकलेला दाखवला होता, मग कळलं की तो गुडघाच नाही, ती टाच आहे, खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पंधरा वर्षं शेकाटे बघतेय मी.

आता फसलेल्या फोटोंकडे येते, ही पिशवी मी मुद्दाम आणलीय. हे सगळे रिजेक्ट माल. हललेले, अर्धे कापलेले, नुसती शेपूट आलेले, हा बघा, हा बगळा, पूर्ण पांढराफटक जळलेला. ज्यांना कॅमेऱ्याचं कळतं त्यांना माहितीय, पांढरा पक्षी, कडक ऊन, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, कमी करायला विसरलं की पिसांतलं एक डिटेल राहत नाही. पूर्वी डिलीट करायचे. आता याच फोटोंची मला सगळ्यात जास्त गरज असते.

कसं ते सांगते. ट्रान्सफर म्हणून एक प्रकार आहे. फोटोचा प्रिंट काढायचा, पण लेझर प्रिंट, झेरॉक्सवाल्याकडचा, टोनरचा, म्हणजे कोरड्या पावडरच्या शाईचा. आपल्या घरच्या इंकजेटवर काढलात तर शाई विरघळून सगळं काळंनिळं होतं, माझे तीन पक्षी असे गेलेत. तर लेझर प्रिंट, तोही आरशातल्यासारखा उलटा काढायचा, कारण चिकटवल्यावर तो परत सुलटा होतो. मी पहिल्यांदा हे विसरले आणि होडीवरचं "जय मल्हार" उलटं आलं, ते तसंच ठेवलंय, पाण्यातलं प्रतिबिंब म्हणून खपवलं. मग हातकागदावर ॲक्रिलिक जेल मीडियम लावायचं, वाळल्यावर पारदर्शक होणारी घट्ट खळच म्हणा ना, जाड नाही, पोळीला तूप लावतो तेवढं, प्रिंट पालथा ठेवायचा, जुन्या एटीएम कार्डाने आतली हवा काढायची आणि रात्रभर वाळू द्यायचं. रात्रभर म्हणजे रात्रभर, हेअर ड्रायर घेऊन बसू नका. सकाळी मागून ओल्या स्पंजाने भिजवायचं आणि बोटाने हळूहळू चोळायचं. कागदाच्या बारीक शेवया निघत जातात आणि खालून पक्षी वर येतो. फार मजा येते, आणि त्या मजेच्या भरात जास्त चोळलं की डोळा जातो. माझ्याकडे आंधळे पक्षी भरपूर आहेत.

आता त्या जळलेल्या बगळ्याचं बघा. टोनरमध्ये पांढरा रंग नसतोच ना, पांढरा म्हणजे नुसता कोरा कागद. तो कागद चोळून काढला की बगळ्याच्या जागी काहीच उरत नाही, खाली जे असेल ते दिसतं. मी खाली धरणाच्या पाणीपातळीच्या बातम्यांची वर्तमानपत्राची कात्रणं लावली होती. तर काळी चोच, काळे पाय, आजूबाजूला गढूळ पाणी, आणि बगळ्याचं अख्खं अंग म्हणजे बातमी. एक्स्पोजर बरोबर असतं तर हे झालंच नसतं.

मध्येच एक फजिती सांगते. आपल्याकडे एका बदकाला हळदी-कुंकू बदक म्हणतात. चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. इतकं सुंदर नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार. म्हटलं, याचं चित्र खऱ्या हळदी-कुंकवानेच करायचं. केलं, फ्रेम केली, खिडकीसमोर टांगली, सगळ्यांनी वाहवा केली. आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत बदकाची हळद उडाली! हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे मला कुणीही बाईने सांगितलं असतं, अंगणात वाळत घातलेल्या फडक्यावरचा हळदीचा डाग उन्हाने जातोच की. पण कलाकार झाल्यावर आपण असल्या साध्या गोष्टी विसरतो. आता तिथे ॲक्रिलिकचा पिवळा आहे. हळद फक्त नावात.

पिसांबद्दल बोलते, कारण मिक्स्ड मीडिया म्हटलं की लोकांना पहिलं पीस सुचतं. माझ्याकडेही बिस्किटांचा एक डबा भरून पिसं होती, घारीचं, नीलपंखाचं, एक सुगरणीचं अख्खं घरटं. मग एका ट्रीपला वनखात्यात नोकरी केलेले एक काका सोबत होते, त्यांनी विचारलं, ताई, १९७२ चा वन्यजीव कायदा वाचलाय का? त्यात पीस, अंडं, घरटं हे सगळं धरलेलं आहे, खाली पडलेलं सापडलं म्हणून आपलं होत नाही. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना सवलत आहे, म्हणून ती देवळाबाहेर दिसतात. मी वाद घातला, की पडलेलंच तर उचललं. ते म्हणाले, पडलेलं की उपटलेलं हे डब्यात बघून कसं कळणार? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता पीस दिसलं की तिथेच बसून त्याचं चित्र काढते, मोजते, जागच्या जागी ठेवून देते. आणि एक सांगू, नीलपंखाचं किंवा खंड्याचं निळं पीस बघा, त्यात निळं रंगद्रव्य नसतंच, पिसाच्या आतल्या बारीक रचनेमुळे प्रकाश तसा परततो. त्यामुळे ट्यूबमधल्या निळ्याने खंड्या कधीच खंड्यासारखा होत नाही. मी सायनोटाइप करून बघितलं, जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेली पद्धत, दोन लोखंडी क्षारांचं द्रावण कागदाला लावायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी पुढच्याच वर्षी त्या पद्धतीने समुद्रातल्या शेवाळाचे छाप काढायला घेतले होते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तर काही मिनिटांत होतं. गडद निळा येतो, देखणा येतो, पण खंड्याचा नाही येत. जाऊ दे.

शेवटचं, कवडीपाटचं. हडपसरच्या पुढे, मुळा-मुठेचा तो बंधारा. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात, शेंदरी-तपकिरी रंगाचे, संस्कृत कवींनी ज्यांना रात्रभर विरहात ठेवलं तेच. आणि पाणी कसं आहे ते गेलेल्यांना विचारा, म्हणजे वासानेच कळेल. फेस, जलपर्णी, पुरात येऊन झाडांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. आम्ही पंधरा-वीस जण तिथे कॅमेरे लावून उभे असतो आणि सगळ्यांची धडपड एकच, फ्रेममध्ये कचरा येऊ नये. थोडं डावीकडे सरका, थोडं खाली वाका, उरलेला घरी जाऊन क्रॉप करा. माझ्याकडे चक्रवाकांचे इतके स्वच्छ फोटो आहेत की बघणाऱ्याला वाटेल काश्मीर आहे.

तर त्यातलाच एक स्वच्छ फोटो मी कापडावर उतरवला आणि आजूबाजूला दुधाच्या पिशव्या शिवायला घेतल्या. आमच्याच घरच्या, धुऊन, वाळवून, कापून. शिवायला म्हणजे गोधडीचा धावदोरा, माझी आजी घालायची तसा, एकाखाली एक, पाण्याच्या लाटांसारखा. प्लॅस्टिकला एकदा सुई लागली की ते भोक बुजत नाही, चुकलं तर चुकलंच, कापडासारखं उसवून परत नाही घालता येत. सव्वीस पिशव्या लागल्या. म्हणजे आमच्या दोन माणसांच्या घरातल्या तेरा दिवसांच्या. हे गणित मी मुद्दाम केलं नव्हतं, शिवता शिवता झालं, सवय. एक ताई मला म्हणाल्या, अहो इतका छान पक्षी, कशाला घाण केलात. मी म्हटलं, मी कुठे केली, मी फक्त क्रॉप केलेलं परत जोडलं.

काय विचारताय? मागून कोण बोललं? हां, कॅमेरा कुठला घ्यावा. आधी दुर्बीण घ्या. आणि चित्रं विकता का म्हणताय? नाही हो, विकायला लागले तर सगळे मला उडणारे रोहितच करायला सांगतील.

चित्रं त्या टेबलावर मांडलीत, चहा घेऊन या आणि हात लावून बघा, हात लावण्यासाठीच आहेत, काचेत नाही ठेवलेली. फक्त डावीकडच्या थापट्याला नका लावू, काल रात्रीच चिकटवलाय, अजून ओला आहे.