आधी कूलर बंद करा
(नागपुरात समुपदेशक मैत्रिणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, मे महिन्यात नागपुरात कोणी ‘कूलर बंद करा’ म्हणालं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या एका निवृत्त लष्करी परिचारिकेचं पहिलं वाक्य तेच होतं. तिच्या परवानगीने सांगते. ‘मॅडम, या आवाजात मागून कोणी आलं तर कळत नाही.’ मग तिने खुर्ची उचलून भिंतीला टेकवली, दार समोर दिसेल अशी. पाऊण तास आम्ही दोघी घामाने निथळत बसलो. याआधी ती दुसरीकडे दोनदा जाऊन परत फिरली होती. तिथल्या कागदावर शेरा होता, ‘सहकार्य करत नाही.’ तुम्हाला काय जमेल, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं.

पीटीएसडी, म्हणजे भीषण आघातानंतर मनात ठाण मांडून बसणारा त्रास. हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत 1980 साली आलं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. बायकांकडे लक्ष जायला वेळ लागला. 2007 साली तिथे 284 जणींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळपास सगळ्या माजी सैनिक. एका गटाने आघाताची आठवण पुन्हापुन्हा मोठ्याने सांगायची, टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं. दुसऱ्याने आजच्या अडचणींवर बोलायचं. पहिल्या पद्धतीचा गुण जास्त आला. पण ती अर्धवट सोडणाऱ्या होत्या 38 टक्के. दुसऱ्या गटात 21. या आकड्यापाशी मी नेहमी थांबते. या बायका हट्टी होत्या का हो? तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत विचारलं जातं तेव्हा साधारण तीनातली एक बाई सांगते, की नोकरीत लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला. ज्या गणवेशाने घात केला, त्याच गणवेशातल्या पुरुषांनी भरलेल्या बाकड्यावर नंबर लावून बसायचं, हेच किती कठीण आहे!

2023 मध्ये अशाच 131 जणींवरचा आणखी एक अभ्यास आला. विचारांवर काम करणारी नेहमीची उपचारपद्धती आणि आघात ध्यानात घेऊन शिकवलेला योग, दोन्हींचा गुण सारखाच. शेवटपर्यंत टिकल्या त्या मात्र योगाच्या गटात जास्त. तिथे शिकवणारी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. ‘करा’ म्हणत नाही, ‘वाटलं तर करून बघा’ म्हणते.

आपल्याकडे 1992 पासून वैद्यकीय सेवेबाहेरही स्त्रिया लष्करात अधिकारी झाल्या, 2021 मध्ये लष्करी पोलिसांत पहिल्या महिला जवान आल्या. लष्कराची कामठी, हवाई दलाचं वायुसेनानगर, ही आपली घरचीच ठिकाणं. या मुली उद्या आपल्याच दारात येतील. पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर सगळे मार्ग मांडा, समोर बाई हवी का तेही विचारा.

माझ्या परिचारिकेने आघाताबद्दल वहीत लिहिण्याचा मार्ग निवडला. बारा भेटींच्या कामाला एकोणीस लागल्या. दिवाळीनंतर ती दीड महिना आलीच नाही. मी फोन केला, या म्हणाले नाही, वही कुठे आहे एवढंच विचारलं.

‘गव्हाच्या कोठीत,’ ती म्हणाली. ‘सून तिथे हात घालत नाही.’

पुढच्या मंगळवारी वही घेऊन आली. पानांत गव्हाचं भूस होतं.