तिरक्या खिळ्यांची केस

(दृश्य: शुक्रवार पेठेतला छापखाना. केसमधले खण, अगदी जवळून.)

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतला हा छापखाना. लाकडी केसमध्ये लहानमोठे खण पाडलेले, प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं. ही केस टाइम्स इटालिकची, म्हणजे टाइम्सच्या तिरक्या अक्षरांची. टाइम्सचा हा टाइप 1932 साली लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी तयार झाला. स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली व्हिक्टर लार्डेंट यांनी त्याची अक्षरं काढली. शेजारच्या केसमध्ये त्याच टाइम्सचे सरळ खिळे आहेत.

(दृश्य: दोन खिळे तळहातावर, मग त्यांचे ठसे.)

आता हे दोन ठसे नीट बघा. इंग्रजीतल्या छोट्या सरळ 'ए'च्या डोक्यावरून एक वळसा पुढे आलेला असतो. तिरक्या 'ए'ला तो नाही. एक पोट आणि एक दांडी, आपण हातानं लिहितो तसा. सरळ 'एफ' ओळीवर उभा राहतो, तिरका 'एफ' ओळीखाली उतरतो. सरळ अक्षरांच्या पायाशी दोन्ही बाजूंना आडवी टोकं असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. तिरक्या छोट्या अक्षरांत बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी लेखणी उचलतानाचा छोटा फराटा येतो. सरळ अक्षर नुसतं कलतं करून हे मिळत नाही. प्रत्येक अक्षर नव्यानं काढावं लागतं, आणि ते काढलं गेलं होतं.

(दृश्य: मोडका खिळा, काकांची बोटं.)

या तिरक्या 'एफ'चं डोकं खिळ्याच्या अंगाबाहेर येतं आणि शेजारच्या अक्षरावर झुकतं. शिसं, कथील आणि अँटिमनीचं ते टोक दाब जरा जास्त झाला तर तुटतं. म्हणून छापखान्याचे मालक काका हा खिळा चिमटीत जपून धरतात.

(दृश्य: पुस्तकातलं जुन्या छापील पानाचं चित्र.)

व्हेनिस, 1501. आल्दुस मानुत्सियुस या मुद्रकानं प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या कविता अख्ख्या तिरक्या टाइपात छापल्या. खिळे ओतण्यासाठीचे मूळ पोलादी ठसे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफ्फो यानं. त्या काळचे इटालियन विद्वान भरभर लिहिताना जे वळण वापरत, ते त्यानं धातूत उतरवलं. पुस्तक हातात मावेल एवढं. या पानावर ओळीच्या सुरुवातीची मोठी अक्षरं मात्र सरळच उभी आहेत, ती तिरकी व्हायला पुढे काही वर्षं गेली. तेव्हा सबंध मजकूरच या टाइपात छापत. सरळ अक्षरांच्या ओळीत एखादा शब्द वेगळा दाखवायचं काम त्याच्याकडे नंतर आलं.

(दृश्य: बीजगणिताचं पुस्तक. वनस्पतिशास्त्राचा प्रबंध.)

ते काम आजही चालू आहे. बीजगणितातला 'एक्स' तिरका असतो, पुस्तकांची आणि जहाजांची नावंही. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याचं शास्त्रीय नाव 'बोस गॉरस'. इंग्रजीत छापताना त्यातला 'बोस' मोठ्या अक्षरानं सुरू होतो, 'गॉरस' छोट्या, आणि दोन्ही शब्द तिरके. आंब्याचं 'मॅन्जिफेरा इंडिका'ही तसंच. प्रबंधाच्या या पानावर नजर फिरवली की वनस्पतींची नावं आपोआप वेगळी उठून दिसतात.

(दृश्य: जुळणी. ट्रेडल मशीन सुरू होतं.)

लग्नपत्रिकेच्या इंग्रजी ओळी काका अजून याच खिळ्यांत जुळवतात. डाव्या हातात स्टिक, म्हणजे अक्षरं जुळवायची छोटी पट्टी, अक्षरं उलटी, वाचायची डावीकडून उजवीकडे. खिळ्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली की बाजू कळते, बघायला लागत नाही. दोन शब्दांत स्पेस, दोन ओळींत लेड, म्हणजे शिशाची पातळ पट्टी. जुळलेला मजकूर दोऱ्यानं बांधायचा, चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, घट्ट आवळायचा. मग ट्रेडल, म्हणजे छापायचं मशीन. वरची शाईची तबकडी प्रत्येक फेऱ्याला थोडी फिरते, रूळ तिच्यावरून शाई घेऊन खिळ्यांवर उतरतात, कागद येऊन टेकतो. या पहिल्या प्रुफावर बोट फिरवा, अक्षराचा दाब लागतो.

अशा कितीतरी केसी वजनावर भंगारात गेल्या.

(दृश्य: चौकातले फ्लेक्स. मग मोडी कागद.)

आता हे फ्लेक्स. मराठी अक्षरं संगणकानं एका बाजूला ढकललेली. शिरोरेषा आडवीच राहिली, काने कलले, गाठी ताणल्या गेल्या. लिहिणाऱ्या कुठल्याच हाताचं हे वळण नाही.

मराठीकडे धावतं वळण नव्हतं असं थोडंच आहे? हे मोडीतले कागद बघा. शिरोरेषा आधी ओळभर ओढून ठेवलेली, तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेली गोल अक्षरं. विद्वानांच्या घाईतून व्हेनिसचा टाइप आला, तशीच घाई इथं कारकुनांच्या हातात होती. मोडीचे खिळेही पडले होते. मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी शब्दकोश 1810 साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी टाइपात छापला गेला. पुढे मराठी छपाई बाळबोधीतच, म्हणजे देवनागरीतच, स्थिरावली आणि तो धागा तुटला.

(दृश्य: मोडीतला 'क' आणि देवनागरी 'क', शेजारी शेजारी.)

देवनागरीला तिरकी जोड हवी असेल, तर ती या वळणावरून काढता येईल. त्यासाठी कोल्हापूरच्या कलामहाविद्यालयांत मोडीचे कागद आणि अशी एखादी केस एकाच टेबलावर यायला हवी. खिळे हातात घेतल्याशिवाय 'एफ'चं डोकं बाहेर का येतं हे कळत नाही, आणि बोरू चालवल्याशिवाय मोडीतला 'क' असा का वळतो हेही नाही.