लॉकडाऊन आणि फ्रिज: एकच नियम, प्रत्येक देशात वेगळा निकाल

एक प्रश्न विचारते. महामारीत लॉकडाऊन यशस्वी व्हायला सगळ्यात आधी काय लागतं? कडक कायदा? पोलीस बंदोबस्त? खमकं सरकार? माझं उत्तर ऐकून हसाल, पण सांगतेच. फ्रिज.

पेरू या देशाची गोष्ट ऐका. मार्च २०२०. लॅटिन अमेरिकेत कोरोना नुकता पोचलाय आणि पेरूचं सरकार १६ मार्चपासून अख्खा देश बंद करतं. सीमा बंद, संचारबंदी, रस्त्यावर लष्कर. खंडातल्या सगळ्यात लवकर आणि सगळ्यात कडक पावलांपैकी एक. कागदावर शंभरपैकी शंभर मार्क. आणि निकाल? लोकसंख्येच्या प्रमाणात मृत्यू मोजले तर पेरू जगात अगदी वरच्या रांगेत. ३१ मे २०२१ ला सरकारने स्वतःचाच आकडा दुरुस्त केला. ६९ हजारांवरून थेट १ लाख ८० हजारांवर.

असं का झालं? पेरूत तेव्हा जेमतेम निम्म्या घरांत फ्रिज होता. फ्रिज नाही म्हणजे आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवता येत नाही, दर एक-दोन दिवसांनी बाजार गाठावाच लागतो. त्यात दहातले सात कामगार असंघटित, हातावर पोट. सरकारने मदत जाहीर केली, ती खरोखर दिलीही. पण बहुतेक लोकांचं बँकेत खातंच नव्हतं. मग बँकांच्या दारात ही लांब रांग. घरी बसा म्हणून दिलेले पैसे घ्यायला माणसं घराबाहेर खेटून उभी.

आणि एक किस्सा. गर्दी कमी व्हावी म्हणून एप्रिलमध्ये नियम आला: सोमवार, बुधवार, शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडायचं, मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकांनी. रविवारी कुणीच नाही. हिशेब अगदी सरळ, गर्दी निम्मी! प्रत्यक्षात बायकांच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. कारण घरचं सामान आणतं कोण? हा नियम करणाऱ्या बैठकीत रोज बाजारात जाणारं एक तरी माणूस होतं का, हा माझा आपला प्रश्न. साधारण आठवड्याभरात नियम गुंडाळला.

[स्क्रीनवर: जगाचा नकाशा, मग एक क्रमवारी]

आता हे बघा. ऑक्टोबर २०१९, म्हणजे कोरोनाच्या तोंडावर, १९५ देशांची एक क्रमवारी आली. साथीसाठी कोण किती सज्ज आहे याची. पहिला नंबर अमेरिका, दुसरा ब्रिटन. पुढे या दोन्ही देशांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. क्रमवारी बनवणारे काही येडे नव्हते. त्यांनी प्रयोगशाळा मोजल्या, योजना मोजल्या, पैसा मोजला. पण हाताशी असणं वेगळं आणि वेळेला हात तिथे पोचणं वेगळं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे दक्षिण कोरिया आणि अमेरिका. दोन्हीकडे पहिला रुग्ण नोंदला गेला २० जानेवारी २०२० ला. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे पहिल्या चाचणी किटला तातडीची मंजुरी मिळाली तीही एकाच दिवशी, ४ फेब्रुवारीला. म्हणजे शर्यत एका रेषेवरून सुरू झाली म्हणा ना.

अमेरिकेत मंजुरी मिळाली ती सरकारी संस्थेच्या, सीडीसीच्या किटला. ते किट प्रयोगशाळांमध्ये पोचलं आणि लक्षात आलं की त्यातला एक घटक सदोष आहे, निकालच धड लागत नाहीत. बरं, बाकीच्या प्रयोगशाळांनी स्वतःची चाचणी वापरायची तर नियम आडवे. ते सैल व्हायला २९ फेब्रुवारी उजाडला. सगळा फेब्रुवारी देश जवळजवळ डोळे मिटून चालत होता.

कोरियात मंजुरी मिळाली ती खासगी कंपनीला, आणि मागोमाग इतरांनाही. जानेवारीच्या शेवटी सोल रेल्वे स्टेशनात अधिकाऱ्यांनी कंपन्यांना बोलावलं आणि सांगितलं, किट बनवा, मंजुरी लगेच देतो. ही धमक आली कुठून? २०१५ मधून. त्या वर्षी कोरियात मर्सची, म्हणजे कोरोनाच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या विषाणूची, साथ आली होती, १८६ रुग्ण, ३८ मृत्यू. तेव्हा चाचण्या अपुऱ्या पडल्या, सरकारची छी-थू झाली आणि नंतर कायदा बदलला: आणीबाणीत मंजुरी पटकन देता येईल असा. कोरियाने २०२० ची तयारी २०१५ च्या अपमानातून केली होती. फेब्रुवारीत देगू शहरात रुग्ण एकदम वाढले, तर गाडीत बसल्या बसल्या स्वॅब देण्याची सोय उभी राहिली. देशव्यापी लॉकडाऊन न लावता १५ एप्रिलला संसदेची निवडणूकसुद्धा पार पडली. मास्क, हातात प्लॅस्टिकचे मोजे, आणि मतदान ६६ टक्क्यांच्या वर!

पण थांबा, कोरियाची आरती इतक्यात नको. मर्सनंतरच्या कायदेबदलांनीच सरकारला रुग्णाचा मोबाइल कुठे होता, कार्ड कुठे वापरलं हे पाहायची मुभा दिली. रुग्ण कुठे कुठे गेला याचा तपशील जाहीर व्हायचा. नाव नसायचं, पण ओळखणारे ओळखायचे. मे महिन्यात सोलमधल्या इतेवॉन भागातल्या क्लबांमधून साथ पसरली, त्यातले काही क्लब समलैंगिकांचे. तिथे गेलेली माणसं चाचणीलाच येईनात, कारण पॉझिटिव्ह निघालो तर आपलं आयुष्य चव्हाट्यावर येईल. शेवटी सोलला निनावी चाचणीची सोय करावी लागली.

तैवानचंही तसंच, तिथे जखम २००३ च्या सार्सची, तीही कोरोनाच्याच कुळातली साथ. म्हणून ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानहून आलेल्या विमानांत चढून अधिकारी प्रवाशांची तपासणी करू लागले. जग तेव्हा नव्या वर्षाच्या तयारीत होतं.

आता स्वीडन. याच्यावरून अजूनही घराघरांत भांडणं होतात. 'स्वीडनने लॉकडाऊन लावला नाही' हे सगळ्यांना माहीत असतं, का लावला नाही हे कमी जणांना. तिथल्या राज्यघटनेत शांततेच्या काळात लोकांचं फिरणं सरसकट बंद करण्याची सोयच नाही. शिवाय सरकारी संस्था स्वायत्त, मंत्री त्यांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. म्हणून रोज कॅमेऱ्यासमोर पंतप्रधानांपेक्षा जास्त दिसायचे साथरोगतज्ज्ञ आंदेर्स तेग्नेल. लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या. वृद्धाश्रमांत मात्र विषाणू शिरला आणि डिसेंबर २०२० मध्ये खुद्द राजाने म्हटलं, आपण अपयशी ठरलो. २०२० मध्ये नॉर्वे-फिनलंडच्या तुलनेत स्वीडनचे मृत्यू कितीतरी जास्त होते. पण सगळी वर्षं मिळून अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते, मोजले, तर युरोपात स्वीडन खालच्या देशांत येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भांडणारे आपापल्या सोयीचा अर्धा आलेख कापून आणतात.

[स्क्रीनवर: बटणांचा साधा फोन]

माझं आवडतं उदाहरण मात्र या श्रीमंत देशांतलं नाहीच. टोगो. पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला देश. ८ एप्रिल २०२० ला तिथे नोव्हिसी नावाची योजना सुरू झाली. नोव्हिसी म्हणजे एवे भाषेत एकजूट. साध्या बटणांच्या फोनवरून एक छोटा नंबर फिरवायचा, इंटरनेट नको. मतदार कार्डाचा क्रमांक द्यायचा. पात्र असलात तर पैसे थेट मोबाइलच्या वॉलेटमध्ये. पुरुषाला महिन्याला १०,५०० फ्रँक, बाईला १२,२५० फ्रँक, कारण घर तीच चालवते. पेरूला जे उशिरा कळलं ते टोगोने रकमेतच लिहून टाकलं. मतदार यादी ताजी होती, कारण फेब्रुवारीतच अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. त्रुटी होत्याच: ज्याच्याकडे कार्ड नाही किंवा फोन नाही, तो बाहेर राहिला. पण बँकेबाहेर रांग लागली नाही. त्याच सुमारास अमेरिकेच्या मदतीतले जवळजवळ ११ लाख हप्ते मृत व्यक्तींच्या नावे गेले होते. हे त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षणात आलंय, माझ्या पदरचं नाही.

बंद करणं एक वेळ सोपं, उघडणं महाकठीण. न्यूझीलंडने विषाणू दारातच अडवला, पण परदेशात अडकलेल्या स्वतःच्याच नागरिकांना घरी यायला विलगीकरण हॉटेलमधली खोली ऑनलाइन सोडतीत लागावी लागायची. कुणाची आई आजारी, कुणाचं बाळंतपण जवळ आलेलं, आणि संगणक सांगतोय तुमचा नंबर काही हजारावा. २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं, या पद्धतीने काही नागरिकांच्या हक्कांवर गदा आली. चीनमध्ये कडक निर्बंधांच्या निषेधात लोक कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२ मध्ये निर्बंध सैल झाले, तेही इतके अचानक की रुग्णालयांना दम घ्यायला सवड मिळाली नाही.

मग पुढच्या साथीसाठी जग एकत्र येणार का? २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य संघटनेत महामारी करार मंजूर झाला. पण सगळ्यात वादाचा भाग तेव्हाही पुढच्या वाटाघाटींसाठी बाजूला ठेवावा लागला: नवा विषाणू सापडला तर त्याचे नमुने कुणी कुणाला द्यायचे आणि बदल्यात लस कुणाला मिळणार? हे भांडण जुनं आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं होतं. नमुने आमचे, त्यावरून लस बनवणार तुम्ही, आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हा त्यांचा मुद्दा.

आणि ज्याने काहीही न लपवता सांगितलं त्याचं काय झालं, तेही ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन पकडला आणि लगेच जगाला कळवलं. दुसऱ्या दिवसापासून देशोदेशींनी तिथली विमानं बंद केली. नंतर कळलं, नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही तो होता, म्हणजे तिकडे आधीच पोचला होता. इकडे शास्त्रज्ञ वेगळ्याच चिंतेत. विषाणूचं जनुकीय वाचन करायला लागणारी रसायनं परदेशातून विमानाने यायची, आणि विमानं तर बंद.