करवतकाठी नेसणारं नागपूर

[गांधीबाग. दुकानं उघडताहेत.]

गांधीबाग आणि इतवारी. विदर्भातल्या कितीतरी लग्नांचा बस्ता इथंच बांधला जातो. पांढऱ्याशुभ्र गादीवर एकामागून एक साड्या उलगडत जातात. पलीकडे आई, मावशी, काकू आणि मधोमध नवरी. ही मुलगी ऑफिसला कुर्ता घालते, सुटीच्या दिवशी जीन्स. पण इथं बसली की मामाकडची पिवळी अष्टपुत्री कोणती, वरातीची कोणती, विहिणीला कोणती द्यायची, सगळं तिला स्वतः ठरवायचं असतं. तिचा हात बघा. रंग डोळ्यांनी बघते, पण पोत बघताना पदर दोन बोटांत धरून चुरते. हे तिला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही.

[सीताबर्डी, सिग्नल.]

साडी काही लग्नापुरती उरलेली नाही. दुचाकीवर पदर कमरेला खोचलेला, तोंडाला स्कार्फ, मागच्या सीटवर डबा. कुणी शाळेत निघालंय, कुणी बँकेत, कुणी अंगणवाडीत. मे महिन्यात इथला पारा ४५च्या वर जातो, तेव्हा सुती साडीइतकं हवेशीर दुसरं काय नेसणार? घाम टिपून घेते, वारा लागतो, ऊन वाढलं की पदर डोक्यावर येतो.

[दीक्षाभूमी, अशोक विजयादशमी. गर्दीची दृश्यं, निवेदन सावकाश.]

आणि आता हे दृश्य बघा. पांढऱ्या साड्यांचा हा लोंढा.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसण्याची जी तऱ्हा तुमची जात ओळखू आणते, ती सोडून द्या, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी स्त्रिया नव्या पद्धतीनं लुगडी नेसून आल्या. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा हजारो जणी पांढरं लुगडं नेसून या मैदानावर उभ्या होत्या. आज त्यांच्या नाती, पणत्या येतात. कुणी मुंबईहून, कुणी मराठवाड्यातून, रात्रभर रेल्वेत बसून. पिशवीत जपून आणलेली पांढरी साडी स्टेशनवर उतरल्यावर नेसतात. साडी म्हणजे फक्त हौसेचं, मिरवायचं वस्त्र, असं म्हणणाऱ्यांनी ही गर्दी बघावी.

[पाचपावली. गल्लीतून कॅमेरा आत. मागाचा आवाज आधी, चित्र नंतर.]

नेसणारी अशी पावलोपावली आहे. विणणाराही फार लांब नाही. गांधीबागेतून निघालं की थोड्याच वेळात पाचपावली, तांडापेठ लागतं. हलबा कोष्टी विणकरांची ही जुनी वस्ती. भोसल्यांच्या राज्यात नागपूर आणि उमरेडची लुगडी, धोतरं नावाजलेली होती. पण गांधीबागेतल्या गादीवर आज ज्या साड्या उलगडतात, त्यातल्या बहुतेक सुरतेहून आलेल्या असतात. आम्हाला दाखवायची आहे ती दुसरी साडी. कोशाची. काठावर करवतीसारखे दात असलेली. करवतकाठी.

[तळहातावर कोसा. अगदी जवळून.]

हा टसर रेशमाचा कोष. इथं सगळे याला कोसा म्हणतात. गडचिरोली, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर या अळ्या वाढतात. तुतीच्या रेशीमकिड्यासारख्या घरातल्या ट्रेमध्ये नाही, उघड्या झाडावर. म्हणून पाखरं येतात, मुंग्या येतात, आणि ढिवर समाजातली माणसं दिवसभर झाडाखाली राखण करतात. कोशाचा हा देठ बघा. अळीनंच तो विणलेला असतो, त्यानं कोष फांदीला घट्ट लटकून राहतो. कोसा दाबून पाहिला तर बोट आत जात नाही, इतका टणक. उकळून मऊ केला की धागा सुटायला लागतो. त्याचा रंग मधाकडे झुकणारा, आणि तो रंग त्याचा स्वतःचा असतो.

[माग. इथं अर्धा मिनिट बोलू नये.]

अंग कोशाचं, काठ रंगवलेल्या सुताचा. दोन वेगळे धागे, आणि ते एकमेकांत अडकवायचे कसे, यातच या साडीची सगळी कारागिरी आहे.

मागावर तीन धोटे आहेत, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे फिरणारी साधनं. एक उजव्या काठाचा, एक डाव्या काठाचा, मधला अंगाचा. विणकर काकांनी पायाखालची पावडी दाबली की ताणा, म्हणजे उभे धागे, दुभागतो. मग उजव्या काठाचा धोटा फिरतो, अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याच्यात गुंतवून पलीकडे जातो, तिथं डाव्या काठाच्या धाग्याला अडकतो. फणी ठोकली की एक ओळ झाली. एकच ओळ. पुढच्या ओळीला काठाचा धागा अंगात थोडासा जास्त शिरतो, त्यापुढच्या ओळीला आणखी थोडा. टोक आलं की परत काठाशी. असा एक दात तयार झाला. करवतीच्या पात्यावर असतात तसे हे दात साडीच्या दोन्ही बाजूंनी चालत जातात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एखादी ओळ चुकली तर दात वाकडा दिसतो, म्हणून काका बोलायला थांबतात तेव्हा हातही थांबतात.

काकू शेजारी रहाटावर धाग्याच्या कांड्या भरताहेत. धोट्यातली कांडी संपायच्या आत दुसरी तयार हवी. विकताना नाव काकांचं येतं, पण काकूंनी कांड्या भरल्या नाहीत तर हा माग सकाळी नऊलाच बंद पडेल.

ही साडी महाग आहे, असं ऐकू येतं. हे तीन धोटे फिरताना एकदा बघा, मग किमतीबद्दल बोलू.

[एम्प्रेस मॉल, बाहेरून.]

१ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी याच भागात एम्प्रेस मिल सुरू केली. कोष्टी घरांमधली कितीतरी माणसं मागावरून उठून गिरणीत गेली. यंत्रमाग आले, हातमाग एकेक करून कमी होत गेले, पुढं गिरणीही बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे.

[पुन्हा माग. काठावर कॅमेरा.]

करवतकाठीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरात आहे, हातमाग महामंडळाचं मुख्यालयही इथंच. दरवर्षी ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन होतो. एवढं सगळं हाताशी असताना बस्त्यातली एक साडी तरी आपल्याच शहरातल्या मागावरची असायला काय हरकत आहे?

दुकानात करवतकाठी मागा. समोर आली की आधी काठ उलटा करा. मागच्या बाजूलाही दात तितकेच स्वच्छ दिसले पाहिजेत, धागे लोंबता कामा नयेत. छापलेली करवत असेल तर मागून रंग फिका पडलेला कळतो. मग साडीची अगदी कड उजेडात धरा. विणताना कापड ताणून ठेवायला जी पट्टी लावतात, तिच्या टोकांची बारीक छिद्रं हातमागाच्या साडीच्या कडेला बहुधा सापडतात. हातमागाची खूणचिठ्ठी आहे का विचारा. आणि ही कुठं विणली, हेही विचारा. इथली पाचपावली किंवा भंडारा जिल्ह्यातली मोहाडी, आंधळगाव, पवनी, यातलं एखादं नाव दुकानदाराला सांगता आलं पाहिजे.