पाइनच्या सालीखाली

[हवाई दृश्य: ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा. लालसर डोंगरउतार.]

हा रंग पानगळीचा नाही. पाइन बाराही महिने हिरवा. इथली लाल दिसणारी झाडं मागच्याच उन्हाळ्यात मेली आहेत; सुया तेवढ्या अजून गळायच्या आहेत.

[जवळून: खोडावरचे राळेचे गोळे.]

सालीवर मक्याच्या लाह्या चिकटल्यासारखं जे दिसतंय, ती राळ. माउंटन पाइन बीटल हा जेमतेम 5 मिलिमीटरचा भुंगेरा. त्याची मादी साल पोखरून आत शिरते आणि झाड राळ सोडून तिला बाहेर लोटतं. मादी एकटी असेल तर बहुधा झाडाचीच सरशी होते. पण ही बया पक्की! राळेतल्याच रसायनापासून ती गंध तयार करते आणि त्या गंधावर शेकडो भुंगेरे त्याच झाडावर तुटून पडतात. झाड पुरतं भरलं की वेगळा गंध सुटतो: इथे जागा नाही, पुढे जा. मोलाची झाडं वाचवायला माणसं आता याच गंधाच्या पुड्या खोडांवर ठोकतात. धाड मोठी असली की मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

[साल सोलली जाते.]

मधलं उभं भुयार मादीचं, आडव्या वाटा अळ्यांच्या. झाडाचं अन्न मुळांकडे जातं ते याच थरातून, आणि अळ्या नेमका तोच खातात. भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी लाकडात पसरून पाणी अडवते. लाकूड निळसर पडतं, पण कमकुवत होत नाही. 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी रिचमंडला बांधलेल्या स्केटिंग संकुलाच्या छताला असंच लाकूड वापरलं आहे.

[जुनं, दाट पाइनचं रान.]

हा भुंगेरा बाहेरून आलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. त्याला आवरायची ती थंडी. अळ्या अंगात ग्लिसरॉल हे गोठू न देणारं द्रव्य साठवून हिवाळा काढतात. पारा उणे 40 अंशांच्या आसपास काही दिवस टिकला, तरच त्या मोठ्या संख्येनं मरतात. 1990 च्या दशकापासून अशी थंडी विरळ होत गेली. शिवाय वणवा दिसला की विझवायचा, हे धोरण कित्येक दशकं चाललं, त्यामुळे एकाच वयाची, जाड बुंध्याची पाइन मैलोन्‌मैल उभी राहिली. भुंगेऱ्याला हवी असतात ती अशीच झाडं. सगळा दोष त्याच्या माथी मारणं म्हणूनच पटत नाही.

सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर रानाला झळ बसली. विक्रीयोग्य पाइनपैकी निम्म्याहून अधिक गेला. मेलेलं लाकूड तडकण्याआधी तोडायची घाई झाली, लाकडाच्या गिरण्या काही वर्षं दणक्यात चालल्या. मग कच्चा मालच आटला आणि गावोगावच्या गिरण्यांना कुलपं लागली.

[नकाशा: रॉकी पर्वत, पूर्वेला अल्बर्टा.]

2006 मध्ये वाऱ्यावर स्वार होऊन भुंगेऱ्यांचे थवेच्या थवे रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टात उतरले. तिथे त्यांना जॅक पाइन भेटला आणि तोही त्यांना मानवला. या झाडाचा पट्टा थेट अटलांटिकच्या बाजूपर्यंत जातो. म्हणून अल्बर्टात बाधित झाडं हेलिकॉप्टरमधून हेरायची, तोडायची, जाळायची, असा खटाटोप वर्षानुवर्षं चालला. 2019 च्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, आणि त्यानंतर तिथली भुंगेऱ्यांची संख्या झपाट्यानं घसरली.