हत्तीच्या कुशीवरची वाळू

प्राणिसंग्रहालयाचे दरवाजे उघडल्यानंतरचा पहिला तास चुकवू नका. हवा गार असते आणि प्राणी रात्रीच्या पिंजऱ्यातून नुकतेच मोकळे सुटलेले असतात. वाघ आवारभर हुंगत फिरतो, बुंध्यावर मूत्राचा फवारा मारतो, कालच्या खुणा तपासतो. तोच वाघ दुपारी सावलीत आडवा दिसला, की लोक म्हणतात, बिचारा कंटाळलाय. पण जंगलातला वाघही दिवसाचा मोठा भाग पडूनच काढतो.

काळजी वाटायला हवी ती कुंपणालगतच्या पायवाटेकडे बघून. तिथलं गवत झिजून माती उघडी पडलेली असते. वाघ त्याच वाटेनं जातो, त्याच दगडापाशी वळतो, पुन्हा तेच. ही येरझार. पण खाणं यायच्या सुमाराला बरेच प्राणी दाराशी घुटमळतात, त्यामुळे एकदा बघून निकाल देता येत नाही. वीस मिनिटं एकाच प्राण्याकडे बघा आणि दर मिनिटाला एक खूण करा: झोप, चालणं, येरझार, खाणं, हुंगणं, नजरेआड. 'नजरेआड' हा रकाना गाळला, तर उरलेल्या खुणांचं प्रमाण फुगतं आणि सगळा हिशेब चुकतो. मग हेच दुसऱ्या वेळी, दुसऱ्या दिवशी.

१९०७ मध्ये जर्मनीतल्या हाम्बुर्गजवळ प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी आपल्या प्राणिसंग्रहालयात गज काढून खंदक आणले आणि सिंह उघड्यावर दिसू लागले. बघणाऱ्यांचं दृश्य पालटलं. पण कितीतरी प्राणिसंग्रहालयांत प्राण्याच्या पायाखाली पुढेही दशकानुदशकं काँक्रीटच राहिलं.

त्याची किंमत हत्तींनी मोजली. कडक, ओल्या फरशीवर तासन्‌तास उभं राहून नखांना चिरा जातात, तळव्यात गळू होतं, सांधे आखडतात. आता नव्या हत्तीघरांत वाळूचा जाड थर घालतात. मूत्र त्यातून खाली झिरपतं, पृष्ठभाग कोरडा राहतो. मात्र वाळू वरचेवर उकरून सैल करावी लागते. घट्ट बसली, की तीही फरशीसारखीच होते. एका बाजूला ढीगही रचतात. त्याला टेकून म्हाताऱ्या हत्तिणीला आडवं होणं आणि परत उठणं सोपं जातं.

खाण्याची पद्धतही बदलली. हत्ती जंगलात दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. दोन वेळा ढीग टाकला, तर उरलेला वेळ तो डोलत काढतो. म्हणून गवताच्या जाळ्या उंच टांगतात आणि ठरावीक वेळ न पाळता खाली सोडतात. वेळ ठरलेली असली, तर हत्ती लवकरच ती ओळखतो आणि आधीपासूनच जाळीखाली उभा राहतो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात २०११ पासून डोक्यावरून जाणारे जाळीचे मार्ग बांधत गेले. आधी माकडं, पुढे मोठी मांजरंही त्यातून फिरू लागली. प्राण्याला दुसऱ्याच्या वासाची जागा हुंगायला मिळते, हे फार मोलाचं वाटतं. अशा मार्गाचं दार दोन्हीकडून उघडं ठेवलं, तर आवार कधी रिकामंही दिसेल. ती प्राण्याची निवड आहे, थोडं थांबा.

आता सकाळी हत्तिणीच्या कुशीकडे बघा. डाव्या बाजूला खांद्यापासून मांडीपर्यंत वाळू चिकटलीय, कानाच्या घडीतही. रात्री ती आडवी झोपली होती. राखणदार अंघोळीचा पाइप उघडण्याआधी वहीत बाजू लिहून घेतो: डावी.